कर्जाला बोलावलं होतं कुणी?

समस्त ग्रामस्थ, मुंबईचे चाकरमानी, किनाऱ्यावर फोटो काढायला येणारे पर्यटक आणि गळ्यात ओळखपत्राची पट्टी घालून हिंडणारे सर्व लहानथोर यांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, माझ्या घराला दार आहे. सदर दाराला उंबरठा आहे. उंबरठ्याच्या आत मी राहते. ही अत्यंत गंभीर बाब आजवर कोणाच्या निदर्शनास आली नसल्यास त्याचा दोष दाराला देऊ नये.

निवेदन संपलं. आता नीट सांगते.

त्या दुपारी मी पानावर बसले होते. मालवणच्या बाजारात मासे विकून आले की आधी न्हायचं, मग जेवायचं, हा माझा नेम. केस ओले होते. पुढ्यात उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं. पहिला घास उचलला आणि घरात पाच माणसं. हाक नाही, खाकरणं नाही, कडी वाजवणं नाही. बुटांसकट.

सगळ्यांत पुढे होता तो कर्ज देणाऱ्या कंपनीचा साहेब. घाटावरचा. त्याने नाकाला रुमाल लावला होता, कारण पडवीत माझा गोलमा वाळत होता. गोलमा म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, जिच्या चटणीसाठी हेच लोक हॉटेलात रांग लावतात. वाळत असताना मात्र तिचा वास येतो. साहेब रुमालाआडून घरभर बघत फिरला आणि माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसला. नवरा गेल्यापासून त्या खुर्चीवर मी स्वतः बसत नाही. दर शनिवारी पुसते फक्त.

“मावशी, ते मासे जरा बाहेर ठेवा. फोटोत येतील.”

मी उठले. हात तिखल्याने माखलेला. धुवायला मोरीकडे निघाले तर एकाने वाट अडवली. “दोनच मिनिटं मावशी, उन्हं आहेत तोवर.” मला दाराशी उभं केलं. हातात पुठ्ठा दिला, त्यावर कसलासा आकडा. पोलीस चौकीत धरून नेलेल्या माणसाला देतात तसा. पुठ्ठा मी डाव्या हाताने धरला. उजवा हात पदराखाली लपवला. कुणी तरी म्हणालं, “जरा हसा.”

मी हसले.

तो फोटो कंपनीत कुठे तरी असणार. ओल्या केसांची, हसणारी, एक हात लपवलेली बाई. माझ्याच घरात मी उभी होते आणि कर्ज बसलं होतं.

तुम्ही विचाराल, इतकं होईपर्यंत तोंडाला काय झालं होतं तुझ्या? बाजारात तर तुझा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू जातो. बरोबर आहे. बाजारात मी कुणाला ऐकत नाही. सुरमईचा भाव पाडून मागणाऱ्याला मी असं काही सांगते की तो बिचारा हसत हसत दोन बांगडे जास्त घेऊन जातो. माझ्या टोपलीपाशी लोक नुसते ऐकायलाही थांबतात. पण बाजार उठतो. दुपारी एसटीने घरी यायचं, कुलूप काढायचं, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडायचं कारण उरत नाही. मुलगी लग्न होऊन रेडीला. जावई तिथल्या बंदरात कामाला. समोर समुद्र. समुद्र ऐकतो म्हणतात, पण तो मध्येच आपलंच बोलत सुटतो, त्याला गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

अशा दुपारी बांदेकर आला.

त्याचं आडनाव वेगळं. बांद्याचा म्हणून सगळे त्याला बांदेकर म्हणतात. तिशी उलटलेला, पोटाने थोडा सुटलेला, पाठीवर काळी पिशवी. पहिल्या दिवशी त्याने खळ्याबाहेरून, अंगणाच्या कडेवरून, हाक मारली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

“मावशे, जेवलंस काय?”

बघा, काय प्रश्न विचारला त्याने. पहिल्या फटक्यात टीव्ही, हप्ता, योजना असलं काही नाही. नवरा गेल्यानंतर जेवलीस का असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “जेवलंय. तू?” तो म्हणाला, “नाय गो.” मग काय, वाढलं.

दर आठवड्याला येऊ लागला. कधी दोनदा. मी भात वाढायची आणि गोष्ट सांगायची. कुणकेश्वरच्या जत्रेत माझा नवरा हरवला होता ती गोष्ट त्याला फार आवडायची. मी लाउडस्पीकरवर जाऊन नवऱ्याचं वर्णन सांगितलं, काळा, उंच, डोक्याला टक्कल, आणि ते ऐकून भलतेच दोघे पुरुष मंडपात हजर झाले. त्यातला एक म्हणाला, बायको नाही तर नाही, चहा तरी पाजा. बांदेकर या जागी ताट बाजूला सारून हसायचा. दर वेळी. त्याच जागी. मला वाटायचं, काय रसिक माणूस.

नंतर नंतर तो मध्ये मध्ये पेरू लागला. “मावशे, घर कसा शांत शांत वाटता गो. एक मोठो टीव्ही असलो म्हणजे घरात माणसां असल्यासारखी वाटतत.” मी म्हणायची, “माका नको रे टीव्ही.” तो म्हणायचा, “नको तर नको,” आणि कढी मागायचा. मी “नको” किती वेळा म्हटलं ते त्यालाही माहीत होतं, मलाही. पण दार बंद केलं नाही मी. दार बंद केलं असतं तर माणूस गेला असता. मला कर्ज नको होतं, ऐकणारा हवा होता. आणि माझा ऐकणारा कर्ज विकत होता.

मग तो चौघांना घेऊन आला, बुटांसकट. त्या दिवशी त्याने मला जेवलीस का विचारलं नाही. मी जेवत होते ते त्याला दिसत होतं.

आता मला थोडं मागे जावं लागेल, कारण दारात उभं राहून विकणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. माझी आई दारोदार मासे विकायची. डोक्यावर पाटी, मागून मी. प्रत्येक घराचं खळं असतं, शेणाने सारवलेलं अंगण. आम्ही त्या खळ्याच्या कडेला थांबायचं. तिथूनच हाक.

“बाये, म्हावरां होयां?”

“नको” आलं की पाटी उचलायची, पुढच्या घरी. पाणी मागितलं तर बाई वरून ओतायची, आम्ही खाली ओंजळ धरायची. एकदा एका मोठ्या घरी मांजराने पाटीतला मासा ओढला आणि खळ्यात पळालं. मी सात-आठ वर्षांची. धावले मागे. मासा घेऊन हसत हसत परत आले, जिंकल्यासारखी. बाई पायरीवर उभी होती. तिने काही आरडाओरडा केला नाही. शांतपणे शेणाचं घमेलं आणवलं आणि आईसमोर ठेवलं. म्हणाली, “सारवून जा.”

आईने सगळं खळं सारवलं. माझी चार पावलं पडली होती, पण आईने सगळं सारवलं. मी पाटीपाशी बसून माशा हाकलत होते.

कुणाच्या दारात कुठे थांबायचं हे मला असं शिकवलं गेलं. या पाच जणांना कुणीच काही शिकवलं नव्हतं. ते सरळ आत आले आणि सारवायला घमेलं मागायची मलाच लाज वाटली.

फोटो झाला. मग साहेब म्हणाला, “आता व्हिडिओ. संमतीचा. बांदेकर वाचतील, तुम्ही फक्त हो म्हणायचं.”

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या गावांत कुठलंही कार्य असलं, देवळातलं, होडी पाण्यात लोटायचं, नव्या घराचं, की आधी गाऱ्हाणं घालतात. गावातला एक मानाचा पुरुष देवासमोर उभा राहून मोठ्याने एकेक वाक्य बोलतो. देवा, असं असं आहे, तू सांभाळ. प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबतो. आणि त्या थांबण्यात जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” पाळण्यातून खाली उतरल्यापासून हे कानावर. वाक्य काय होतं ते पुष्कळदा कळतही नाही. पण तो सूर आला आणि ती जागा आली की आमची जीभ आपोआप हलते.

बांदेकर मोबाइलसमोर कागद धरून वाचू लागला. भाषा कचेरीतली, एका दमात, शेवटी सूर वर नेऊन थांबायचं. “सदर कर्ज मी माझ्या राजीखुशीने घेत असून त्याच्या सर्व अटी व शर्ती मला समजावून सांगण्यात आल्या आहेत...”

थांबला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

मी म्हटलं म्हणजे काय, निघून गेलं. तिखल्याचा हात पदरात, पोटात भूक, घरात पाच बूट-जोड, आणि समोरून तो सूर. साहेबाचा रुमाल खाली आला. तो हसू लागला. बाकीचे हसू लागले. बांदेकर हसला नाही, पण त्याने पुढचं वाक्य वाचलं, आणखी लांबवून, आणखी सुरात. माझं पुन्हा तेच. तिसऱ्या वाक्याला तर मला कळलं होतं की तेच होणार आहे, मी दात आवळले होते, आणि तरी.

“पुन्हा घेऊ या का, सर?” मोबाइलवाल्याने विचारलं.

“छे, अप्रतिम आहे,” साहेब डोळे पुसत म्हणाला.

ते गेले तेव्हा भात थंड झाला होता. फरशीवर बुटांची वाळू. मी आधी ती पुसली.

दुसऱ्या दिवशी टीव्ही आला. भलामोठा खोका. त्यावर चित्र होतं. आई, बाप, दोन पोरं, सोफ्यावर बसून हसतायत. मी खोका उघडला नाही. भिंतीला टेकवून ठेवला. घरात चार माणसं आली, बांदेकर खोटं बोलला नव्हता. सकाळी उठलं की ती हसत असायची. रात्रीचा दिवा घालवतानाही हसत असायची. मी त्यांना नवऱ्याच्या जत्रेची गोष्ट सांगून बघितली. चौघंही भलत्याच जागी हसत होती.

आणि व्हिडिओ सुटला.

कंपनीतल्या कुणी तरी तो कंपनीतल्या कुणाला तरी पाठवला असणार, तिथून बाहेर. बाजारात एका गिऱ्हाइकाने भाव विचारला, मी सांगितला, तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “व्हय म्हाराजा.” त्याची बायको खळखळून हसली. मलाही आधी कळलं नाही, मीही हसले त्यांच्याबरोबर. मग रिक्षावाला म्हणाला. मग शाळेतली पोरं. एसटीत कंडक्टर. मी हयात लोकांना हसवण्यात घालवली. हशा कुठून निघतो आणि कुठे जाऊन पडतो हे मला अंधारातही सांगता येईल. हा हशा माझ्या टोपलीतून निघत नव्हता.

रेडीहून मुलीचा फोन आला.

“आये, तुझो व्हिडिओ हयसर पोचलो. ह्यांच्या कामार सगळे बघतत.”

“बघूंदेत.”

“तसा न्हय गो. सासूबाय काय काय बोलतत.” तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, “थोडे दिवस रेडीक येव नको.”

“बरां,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि खोक्यावरच्या त्या चौघांची तोंडं भिंतीकडे केली.

मी कंपनीच्या शाखेत गेले. टीव्ही परत न्या, खोका उघडलेलाही नाही, एवढंच सांगायला. काचेच्या दाराबाहेर चप्पल काढली, कारण मला ठाऊक आहे कुठे काय काढायचं. आत सगळे बूट घालून. साहेबाने बसायला सांगितलं नाही. तिथे खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मी कुणी म्हटल्याशिवाय बसत नाही.

“टीव्ही परत कसा घेणार मावशी? तुम्ही संमती दिलीय.” त्याने मोबाइल काढला. आवाज मोठा केला. सगळ्या शाखेने माझं “व्हय म्हाराजा” पुन्हा ऐकलं. “हे बघा. एकदा नाही, तीनदा.”

“तां सवयीन इलां,” मी म्हटलं.

“सवय चांगली आहे.” त्याने आजूबाजूला बघितलं, प्रेक्षक आहेत का ते. आहेत म्हटल्यावर खुलला. “आणि मावशी, ती तुमची जत्रेतली गोष्ट सांगा ना आम्हाला. नवरा हरवल्याची. बांदेकर फार छान नक्कल करतो तुमची.”

बांदेकर कोपऱ्यात टेबलाशी होता. त्याने मान खाली घातली आणि पिशवीची चेन उघडबंद करू लागला.

टीव्ही, व्हिडिओ, फोटो, सगळं मी सोसत आले होते. पण ती गोष्ट माझी होती. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवताना मी एका माणसाला सांगितलेली. ती इथे आणून, माझा आवाज काढून, चहाच्या वेळेला सांगितली जात होती. मी चप्पल न घालताच बाहेर आले. रस्ता तापला होता. अर्ध्या वाटेवर कळलं, परत गेले नाही. अजून ती चप्पल तिथे असेल.

मालवणच्या कोर्टात काम करणारी एक वकीलबाई माझी जुनी गिऱ्हाईक. कमी बोलते. मोरी किंवा सौंदाळा, जो मासा असेल तो घेते, घासाघीस करत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलायला मला कधी मजा आली नव्हती. त्या सकाळी मासा कापताना सुऱ्याखाली माझं बोट आलं. तिने बघितलं. म्हणाली, “काय झालंय तुम्हाला?” मी सगळं सांगितलं. सवयीने गमतीदार करून सांगितलं, साहेबाचा रुमाल, माझा लपवलेला हात, नकला करून. शेजारच्या बायका हसल्या. ती हसली नाही.

तिने विचारलं, “तुम्ही त्यांना बोलावलं होतं?”

मी सुरा खाली ठेवला.

एवढा साधा प्रश्न, पण मला तो कुणी विचारला नव्हता. मुलीने नाही, शेजाऱ्यांनी नाही, मी मलाही नाही. सगळ्यांनी विचारलं होतं, तू होय कशाला म्हणालीस?

“नाय,” मी म्हटलं. “माका नको म्हणान मी सांगलेलां.”

“मग झालं,” ती म्हणाली. आणि मासा पिशवीत भरत तिने सांगितलं, ते तिच्याच शब्दांत देते. “कर्ज विकायला येणाऱ्याने तुमच्या मर्जीविरुद्ध घरात शिरायचं नाही. घोळका करून जायचं नाही. तुम्हाला कळेल त्या भाषेत सगळं सांगायचं. तुमची गोष्ट चारचौघांत पसरवायची नाही. सगळ्या बँकांच्या वर जी बँक आहे ना, तिचे नियम आहेत हे. कंपनीला लेखी तक्रार द्या. मुदतीत उत्तर नाही आलं तर वर त्या बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी लिहून देते. सही मात्र तुम्हाला करावी लागेल, आणि नंतर मागे फिरायचं नाही.”

मी तिला विचारलं, “ह्यो नियम होतो, तर माझ्या दारात कित्या नाय इलो? कर्ज बरां इलां चालत.”

तेव्हा ती हसली. पहिल्यांदाच.

त्या दिवशी घरी जाताना मला आईचं खळं आठवत होतं. आमच्यासाठी नियम होता आणि तो आम्ही पाळला. तो कुठे लिहिलेला नव्हता, तरी त्याच्यासाठी घमेलं बाहेर आलं. यांच्यासाठीही नियम होता, चांगला लिहिलेला, आणि तो मोडला तर फरशी मी पुसायची. गरिबाचं दार म्हणजे दार नाही, वाट आहे, असं यांनी धरलं. आणि मी धरू दिलं.

सही केली.

तक्रार पोचली तशी वाडी माझ्याशी बोलायची थांबली. आमच्या वाडीत घरोघरी खोके आले होते. कुठे टीव्ही, कुठे फ्रिज. शेजारची यशोदा, जिच्या बाळंतपणात मी रात्रभर बसले होते, ती कुंपणापलीकडून म्हणाली, “तुझ्यापायी आमचां सगळ्यांचां बंद करतले म्हणतत. कागद मागे घे गो.”

“तुका त्यांनी विचारून फ्रिज दिल्यानी?”

“माका वाद नको. तू एकटी आसस, तुका काय.”

तू एकटी आसस, तुका काय. हे वाक्य मी घरात नेलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. एकटीला काय. एकटीकडे घालवायला काही नसतं, असं तिला म्हणायचं होतं. यशोदेने विरजणाची वाटी मागायला येणंही बंद केलं. विहिरीवर मी गेले की कळशा लवकर भरायच्या. सणाला कुणी शिरवाळे पाठवले नाहीत. मुलीचा फोन नाही. बाजारात बोलायची, घरी आले की ते पुन्हा बंद. पूर्वी दुपारी बांदेकराची वाट तरी असायची. आता कुणाचीच नव्हती. खरं सांगते, एका दुपारी मी दोन ताटं घेतली होती. मग एक परत फळीवर ठेवलं.

आणि मग ते आले. परत. साहेब, बांदेकर, आणि आणखी दोघे. तक्रार मागे घेतल्याचा कागद घेऊन आले होते, खाली माझं नाव छापून तयार, फक्त सही.

या वेळी मी जेवत नव्हते. एसटी नेहमीच्या वळणावर थांबली तेव्हा यांची गाडी टपरीपाशी थांबलेली मला दिसली होती. मी धावत घरी येऊन दाराच्या आत, अगदी उंबरठ्याला लागून उभी राहिले. दार सताड उघडं ठेवलं. गाडी बघून वाडी बाहेर आली होती. बाहेर म्हणजे आपापल्या पडवीत. यशोदा खांबाआड. कुणी जवळ आलं नाही.

साहेब खळं ओलांडून पायरीपर्यंत आला. रुमाल नाकाला. “मावशी, आत बसून बोलू.”

“नको,” मी म्हटलं.

“असं काय करता? पाच मिनिटं.” त्याने पाय उचलला.

मी हात जोडले. साहेबाला वाटलं, विनवणी करतेय. तो थांबला, जरा प्रसन्न झाला. मी त्याच्या डोक्यावरून समुद्राकडे बघितलं आणि बाजारातला आवाज काढला.

“बा देवा म्हाराजा.”

पडवीतल्या बायकांची चुळबुळ थांबली. गाऱ्हाणं बाईने घालायचं नसतं. आमच्याकडे ते कुणी कधी ऐकलेलं नाही. आणि घरात एकट्या राहणाऱ्या मासेवालीने तर नाहीच.

“ह्या घराचां दार उघडां आसा, तां वाऱ्यासाठी. कर्जासाठी नाय.”

थांबले. जिथे थांबायचं असतं तिथे. कुणी काही बोललं नाही. लाटा तेवढ्या.

“हयसर मी एकटी रवतंय. माका गोष्ट सांगूक माणूस लागता. तां माझां दुखणां. त्याचो धंदो कोणी करूचो नाय.”

थांबले. यशोदेचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण तिने पदर तोंडावर घेतला.

“माझी व्हय ह्यांनी माझ्या तोंडातसून काढून नेल्यानी. ती माका परत होयी. ती मेळल्याबिगर मी कागद मागे घेवचंय नाय. वाडी बोलाची थांबली तरी नाय. पोटच्या चेडवान सांगलां तरी नाय.”

थांबले. ती जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेत उभं राहणं काय असतं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. घशाला ओढ लागते. सगळ्या वाडीच्या घशाला लागली असणार. सगळी वाडी ती गिळून उभी होती.

“मावशी, हा काय तमाशा,” साहेब म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“आजपासून जो कोण बोलावल्याबिगर ह्या उंबरठ्यार पाय ठेवतलो, त्याका मी हयसरच, सगळ्यांसमोर विचारतलंय, तुका बोलावलो कोणी? परत इलो तर परत विचारतलंय. माझ्या वांगडा कोणी नसलो तरी विचारतलंय. मरासर विचारतलंय.”

आणि शेवटचं थांबले. हात जोडलेलेच. आता काही येणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि आलं नाही तरी हलायचं नाही हेही ठरलेलं होतं. वाडी गप्प. साहेब घड्याळ बघत होता. त्याच्या मागे, खळ्याच्या पार कडेला, माझी आई पाटी घेऊन जिथे थांबली असती बरोबर तिथे, बांदेकर उभा होता. त्याची मान खाली होती, आणि पिशवीच्या पट्ट्यावरचे त्याचे हात केव्हा एकमेकांना जोडले गेले होते ते त्यालाही कळलं नसावं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याच्या तोंडातून निघून गेलं:

“व्हय म्हाराजा.”